जुना एअर कॉम्प्रेसर वर्कशॉपसाठी पुन्हा उभा करताना

एखादा कारखाना बंद पडतो किंवा नवा स्क्रू कॉम्प्रेसर घेतो, तेव्हा तिथला पट्ट्यावर चालणारा जुना कॉम्प्रेसर भंगाराच्या दुकानात येऊन पडतो. कोल्हापूरचे उद्यमनगर, शिरोली, इचलकरंजी, भोसरी, सातपूर अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीभोवती फिरले, की पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकचे, कोइमतूरच्या एल्जीचे किंवा इंगरसोल-रँडचे असे कॉम्प्रेसर धूळ खात पडलेले दिसतात. त्यांचे बिडाचे ओतकाम जाड असते, क्रँकशाफ्ट दणकट असतो आणि झिजणारे बहुतेक भाग आजही विकत मिळतात किंवा चांगल्या टर्नरकडून करून घेता येतात. वजनाच्या भावाने घेतलेले असे यंत्र नीट उभे केले, तर छोट्या फॅब्रिकेशन शेडला, गॅरेजला किंवा रंगकामाच्या दुकानाला ते अनेक वर्षे पुरते.

पुढची सगळी माहिती या वर्गातल्या सर्वांत सामान्य यंत्राला धरून लिहिली आहे: ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटर, दोन सिलिंडर, दोन टप्पे, हवेने थंड होणारा पंप आणि २५० लिटरची आडवी टाकी. मोठ्या सिलिंडरमध्ये, म्हणजे एलपीमध्ये (लो प्रेशर, कमी दाब), हवा पहिल्यांदा दाबली जाते, इंटरकूलरच्या पंख्यांच्या, म्हणजे बाहेरून पातळ पाती असलेल्या, नळीतून जाताना ती थंड होते आणि मग लहान सिलिंडर, म्हणजे एचपी (हाय प्रेशर, जास्त दाब), तिला शेवटच्या दाबापर्यंत नेतो. दाब मोजताना वर्कशॉपमध्ये सगळे ‘किलो’ म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम. इथेही तोच शब्द वापरला आहे.

बहुतेक जण पंप उघडण्यापासून सुरुवात करतात, कारण तिथे यंत्र दिसते, हात काळे होतात आणि काम पुढे सरकल्यासारखे वाटते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की टाकीचा निकाल लागेपर्यंत पंपाच्या एकाही बोल्टला पाना लावू नये आणि एकाही सुट्या भागावर पैसे खर्च करू नयेत. पंप बिघडला तर हवा मिळत नाही, एवढेच होते. टाकी फुटली तर शेजारी उभा असलेला माणूस जगत नाही.

टाकी

हा धोका आकड्यांत पाहिला की नीट कळतो. २५० लिटरच्या टाकीत १० किलो दाबाने भरलेली हवा एकाएकी मोकळी झाली, तर सुमारे ३.३ लाख जूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या ऊर्जेने एक टन वजनाची मोटारगाडी अकरा मजली इमारतीच्या उंचीपर्यंत उचलली जाईल. हीच टाकी पाण्याने काठोकाठ भरून तिच्यावर तेवढाच दाब आणला, तर साठलेली ऊर्जा काही शे जुलांच्या पलीकडे जात नाही, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही. जुन्या टाकीची चाचणी पाण्यानेच करायची आणि हवेने कधीही करायची नाही, या नियमामागे एवढाच हिशेब आहे. पाण्याच्या चाचणीत टाकी फाटली तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दाबमापकाचा काटा खाली पडतो.

सर्वप्रथम टाकीवरची ठोकलेली पट्टी शोधावी. तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव, अनुक्रमांक, डिझाइन दाब, चाचणीचा दाब आणि वर्ष असते. पट्टी नसेल किंवा खरवडून काढलेली असेल, तर त्या टाकीचा इतिहासच हाती नाही असे समजावे. अशा वेळी पंप आणि मोटर ठेवून घेऊन टाकी नवीन, दाखल्यासह विकत घेणे हाच सरळ मार्ग आहे. पट्टी असेल तर तिचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पुढे रंग मारताना ती झाकली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

त्यानंतर तळाचा ड्रेन कॉक पूर्ण काढून टाकी रिकामी करावी. तांबूस, तेलकट पाणी निघणे स्वाभाविक आहे. गंजाचे पोपडे निघाले, विशेषतः नखाएवढे चपटे तुकडे, तर आतला पत्रा थरांनी सुटू लागला आहे असे समजावे. टाकीच्या टोकाला तपासणीचे मोठे बूच असेल तर ते उघडून मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घालावा आणि तळाची पट्टी पाहावी, कारण पाणी तिथेच वर्षानुवर्षे साचलेले असते. सगळीकडे सारखा पसरलेला बारीक गंज फारसा भीतिदायक नसतो. एकेका जागी खोल गेलेले खड्डे मात्र घातक असतात, कारण तिथे उरलेली जाडी बाहेरून कळत नाही.

बाहेरचा रंगही पूर्ण उतरवावा. मी घेतलेल्या दुसऱ्या कॉम्प्रेसरची टाकी नव्या निळ्या रंगात चकचकीत करून दिली होती. पायाच्या वेल्डिंगजवळ तारेचा ब्रश फिरवल्यावर रंगाखालून मोटारगाडीच्या डेंटिंगला वापरतात तसली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली बोटभर लांबीची भेग निघाली. ती टाकी मी कापून भंगारात घातली. पायांचे वेल्डिंग ही जागा मुद्दाम तपासावी, कारण पंपाची सगळी थरथर तिथूनच जमिनीत जाते आणि पाय फरशीला ताण देऊन आवळलेले असले तर भेगा तिथेच सुरू होतात.

रंग उतरला की अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने पत्र्याची जाडी मोजून घ्यावी. हे उपकरण भाड्याने मिळते आणि औद्योगिक तपासणी करणारे लोक येऊनही मोजून देतात. टाकीच्या खालच्या तिसऱ्या भागावर खडूने ५० मिलिमीटरची चौकट आखून प्रत्येक छेदबिंदूवर मोजावे. वेल्डिंगच्या दोन्ही बाजू, टोकांच्या घुमटाचा वळता भाग आणि ड्रेन सॉकेटचा भोवताल यांचीही मापे लिहून ठेवावीत. किती जाडी पुरेशी आहे याचा अंदाज एका साध्या सूत्राने येतो: दाब गुणिले त्रिज्या, भागिले पोलादाचा चालू शकणारा ताण आणि सांध्याची कार्यक्षमता यांचा गुणाकार. ५०० मिमी व्यासाच्या टाकीला १२ किलो डिझाइन दाब, साध्या पोलादाला १,२०० किलोचा ताण आणि तपासणी न झालेल्या सांध्याला ०.७ धरले, तर उत्तर सुमारे ३.६ मिमी येते. अशा टाकीचा मूळ पत्रा सहसा ५ ते ६ मिमीचा असतो. एखाद्या बिंदूवर ४ मिमीच्या आसपास आकडा दिसू लागला, तर गंजायला शिल्लक उरलेली नाही आणि टाकी बाद करावी. दाब कमी ठेवून तीच टाकी वापरण्याचा मोह होतो. परंतु पुढे वर्कशॉपमध्ये येणारा नवा मुलगा प्रेशर स्विचचा स्क्रू कधी फिरवील याचा भरवसा देता येत नाही.

जाडी पुरेशी निघाली तरच पाण्याची चाचणी करावी. सर्व फिटिंग काढून तोंडे पोलादी बुचांनी बंद करावीत, सर्वांत वरचे एक तोंड उघडे ठेवून टाकी पूर्ण भरावी आणि त्या तोंडातून बुडबुडे येणे थांबेपर्यंत टाकी हलवत राहावे, कारण आत अडकलेली हवा चाचणीचा सगळा उद्देश घालवते. टाकीच्या मध्यावर व दोन्ही टोकांजवळ पोलादी टेपने घेर मोजून लिहावा. मग हातपंपाने, तपासून घेतलेल्या गेजवर नजर ठेवून, टप्प्याटप्प्याने दाब वाढवावा. पट्टीवर चाचणीचा दाब असेल तर तोच धरावा. नसेल तर डिझाइन दाबाच्या १.३ पट, म्हणजे १२ किलोच्या टाकीसाठी १५.६ किलो, हा आजचा सर्वसाधारण नियम आहे. अर्धा तास दाब तसाच राहिला पाहिजे. या वेळात प्रत्येक वेल्डिंगवरून कोरडे फडके फिरवावे. थेंब पडण्याआधी तिथे घाम येतो. दाब उतरवल्यावर पुन्हा घेर मोजावा आणि तो वाढलेला आढळला तर पत्रा कायमचा ताणला गेला आहे, म्हणजे टाकी नापास झाली.

हे काम सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे अशा तपासणीची सरकारी मान्यता असलेल्या तपासनीसाकडून, करून लेखी दाखला घेणे सर्वांत चांगले. कारखाना म्हणून नोंद असलेल्या जागेत तर दाबाखालच्या टाक्यांची ठराविक मुदतीने अशी तपासणी कायद्यानेच आवश्यक आहे, आणि छोट्या शेडमध्ये कोणी विचारायला येत नसले तरी पोलाद त्याच नियमाने फुटते. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. दाबाच्या टाकीला छिद्र पडले तर वेल्डिंगचा ठिगळ लावू नये, नवे सॉकेट जोडू नये आणि पायही पुन्हा वेल्ड करू नयेत. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर दिलेली उष्णता शेजारचा भाग कडक व ठिसूळ करते आणि पुढची भेग तिथून जाते.

पंप उघडण्यापूर्वी

टाकी पास झाली की पंपाकडे वळावे. पट्टा काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. ते एका जागी जड आणि दुसरीकडे हलके लागत असेल, खरखर जाणवत असेल किंवा दिशा बदलताना ठक् असा आवाज येत असेल, तर तो तपशील लिहून ठेवावा. उघडल्यावर कारण शोधायला त्याचा उपयोग होतो. पिस्टन जाम असेल तर व्हॉल्व्ह काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल सोडावे आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. फ्लायव्हीलच्या आऱ्यांत पहार अडकवून जोर लावल्यास बिडाचा आरा तुटतो, आणि तो भाग मिळवणे सर्वांत कठीण असते.

हेड उघडण्याआधी पिस्टन आणि हेड यांच्यामधले अंतर मोजून ठेवावे. व्हॉल्व्हच्या भोकातून मऊ सोल्डरिंगची तार आत सरकवून फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवला, की चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजता येते. जुळणी करताना नव्या पॅकिंगची जाडी निवडून हेच अंतर पुन्हा आणायचे असते. ते वाढले तर हवा कमी मिळते, आणि कमी झाले तर पिस्टन हेडला आपटतो. छायाचित्रे भरपूर काढावीत. सेंटर पंचाने रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) आणि त्याच्या खालच्या टोकाची कॅप यांच्यावर एकाच बाजूला एक व दोन ठिपके द्यावेत, कारण कॅप उलटी किंवा अदलाबदल होऊन बसली तर नवे बेअरिंगसुद्धा एका दिवसात खराब होते.

जुन्या यंत्रांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते कोरडे खरवडू नये आणि त्यावर ग्राइंडरचा ब्रश तर मुळीच फिरवू नये. पाण्याने भिजवून, मास्क लावून, पातळ पट्टीने उचलावे, पिशवीत बंद करावे आणि नवे पॅकिंग ॲस्बेस्टॉसविरहित शीटचे कापावे.

धुण्याबद्दलही इथेच सांगतो. क्रँककेस आणि बाहेरचे भाग डिझेलने धुतले तरी चालतात, पण जिथून दाबाची हवा वाहते असा कोणताही भाग, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, इंटरकूलर आणि डिलिव्हरीचा पाइप, पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊन तसाच जोडू नये. एचपी सिलिंडरमधून निघणारी हवा सहज १५० अंशांच्या वर असते. तापलेल्या, दाबलेल्या हवेत राहिलेली वाफ पेट घेऊ शकते आणि पाइप आतून फुटतो. हे भाग गरम पाणी आणि साबणाच्या द्रावणाने धुवावेत. बिडाच्या आणि पोलादाच्या भागांवरचा कडक कार्बन कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात सुटतो, मात्र हातमोजे व चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचे हेड त्यात कधीही बुडवू नये, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

व्हॉल्व्ह

जुना कॉम्प्रेसर ‘हवा धरत नाही’ अशी तक्रार असली, की लोक रिंगा बदलतात. माझ्या अनुभवात दहांपैकी सात-आठ वेळा दोष व्हॉल्व्हमध्ये सापडतो. व्हॉल्व्ह ही अगदी साधी रचना आहे: एक बैठक, तिच्यावर बसणारी पातळ पोलादी चकती किंवा पात, वर स्प्रिंगा आणि त्यांना धरणारी जाळी. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालणाऱ्या पंपात ती चकती दर मिनिटाला ८०० वेळा उघडते आणि मिटते, आणि प्रत्येक वेळी तिने केसाच्या रुंदीएवढीही फट न ठेवता बसायचे असते.

प्रत्येक व्हॉल्व्ह सुटा करून त्याचे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. बैठकीवरचा कार्बन पितळेच्या पट्टीने काढावा, कानसीने नाही. बैठक उजेडात तिरपी धरली की चकतीने पाडलेले गोल वळ दिसतात. सरफेस प्लेटवर, ती नसल्यास जाड सपाट काचेवर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून थोड्या तेलात बैठक आठच्या आकड्यासारखी फिरवावी आणि तिचा रंग सगळीकडे एकसारखा करडा होईपर्यंत घासावी. वळ खोल असेल तर आधी सरफेस ग्राइंडरवर हलका हात मारून घ्यावा लागतो.

चकत्या आणि स्प्रिंगा मात्र नव्याच घालाव्यात. जुनी चकती उलटी करून वापरण्याची पद्धत सर्रास आहे आणि सुरुवातीला ती चांगली बसल्यासारखी वाटते. परंतु तिचे पोलाद थकलेले असते, काही आठवड्यांत ती तडकते आणि तुकडा सिलिंडरमध्ये पडून पिस्टन, बोअर (सिलिंडरचे आतले गोल भोक) व हेड तिन्हींचे नुकसान करतो. चार चकत्यांची किंमत एका बोअरिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.

जुळणी झाल्यावर व्हॉल्व्ह सपाट धरून तो ज्या बाजूने हवा अडवतो त्या बाजूने त्यात थोडे रॉकेल ओतावे. मिनिटाला एखाद-दुसरा थेंब झिरपला तर चालेल. धार लागली तर पुन्हा घासायला घ्यावा. चाचणीनंतर व्हॉल्व्ह साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करायला विसरू नये.

शेवटची तपासणी दिशेची. बोथट लाकडी काडीने चकती दाबून पाहावी: सक्शनचा व्हॉल्व्ह बाहेरून दाबल्यावर सिलिंडरकडे उघडला पाहिजे आणि डिलिव्हरीचा आतून दाबल्यावर बाहेर. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह उलटा बसला, तर सिलिंडरमधल्या हवेला बाहेर जायला वाटच उरत नाही आणि पहिल्याच फेऱ्यांत हेड किंवा रॉड तुटतो. व्हॉल्व्हखालच्या तांब्याच्या वॉशर जुन्याच वापरायच्या असतील, तर त्या लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवाव्यात. तांबे त्याने मऊ होते आणि पुन्हा नीट चेपले जाते.

बोअर, रिंगा आणि खालचा भाग

सिलिंडरचा बोअर डायल गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांनी मोजावा. झीज सर्वांत जास्त वर, रिंगेच्या शेवटच्या थांब्यापाशी असते. गेज नसेल तर नवी रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने वर आणि खाली मोजावी, बोअर ०.१ मिमी वाढला की फट साधारण ०.३ मिमी जास्त उघडते, त्यामुळे हा हिशेब घरच्या घरी जमतो. नव्या रिंगेची फट बोअरच्या व्यासाच्या हजारी तीन ते चार भाग असावी, म्हणजे १०० मिमीच्या एलपीला ०.३ ते ०.४ मिमी. वर-खाली फरक फार नसेल तर होनिंग, म्हणजे घासणीच्या दगडांनी आतून हलकी घासणी, करून तिरप्या जाळीसारख्या रेघा उमटवणे पुरते; बोअर निमुळता किंवा अंडाकृती झाला असेल तर बोअरिंग करून मोठा पिस्टन किंवा स्लीव्ह घालावी. रिंगा चढवताना त्यांची तोंडे एकाखाली एक येऊ न देता गोलाभोवती सारखी वाटावीत, आणि एचपीच्या लहान रिंगा जपून उघडाव्यात, कारण त्या पटकन तुटतात.

गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) बोटांनी हलत असेल तर बुश बदलून रीमरने पिनेला मापात आणावे. बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँकशाफ्टकडच्या टोकाच्या, बेअरिंगवर ओरखडे किंवा चट्टे दिसले तर बेअरिंग बदलावे आणि क्रँकपिन मायक्रोमीटरने गोलाईसाठी मोजावी. रॉडच्या खाली तेल उडवणारी जी काडी असते, ती वाकलेली किंवा तुटलेली नाही याची खात्री करावी. बहुतेक पंपांत तेलाचा वेगळा पंप नसतो आणि सगळे वंगण त्या काडीच्या फटकाऱ्यावर अवलंबून असते. मेन बेअरिंग व ऑइल सील इतके उघडल्यावर नवीनच घालावेत. क्रँककेसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) तुंबला असेल तर तेल रिंगांवरून वर ढकलले जाते आणि हवेत तेल येते, म्हणून तोही मोकळा करावा.

इंटरकूलरच्या नळ्या आतून धुऊन, पाण्याच्या दाबाने गळती तपासून, बाहेरच्या पंख्यांतली कापसासारखी धूळ ब्रशने काढावी. इंटरकूलरवर स्वतःचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो काढून तिथे बूच मारलेले यंत्र मी पाहिले आहे, आणि तसे बूच दिसल्यास योग्य दाबाचा नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. हेडचे बोल्ट समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळावेत आणि पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

तेल कॉम्प्रेसरचेच घालावे. आपल्याकडच्या उष्णतेत व्हीजी १०० हा तेलाच्या दाटपणाचा क्रमांक बहुतेक पंपांना जुळतो. गाडीच्या इंजिनातले तेल घालणे टाळावे, कारण त्यातले डिटर्जंट हवेतून आलेले पाणी तेलात मिसळून ठेवते आणि व्हॉल्व्हवर कार्बनही लवकर धरतो.

मोटर, पुली आणि सुरक्षेची साधने

मोटरची मेगरने, म्हणजे वाइंडिंगचे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासणी करावी. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओमपेक्षा कमी आकडा आला तर वाइंडिंग वाळवल्याशिवाय वीज देऊ नये. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग, स्टार्टरमध्ये योग्य ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली तर मोटर बंद करणारे साधन) हवेत. ५ अश्वशक्तीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ७ ते ७.५ ॲम्पियर घेते. जुळणीनंतर क्लॅम्प मीटर याच्या वर स्थिरावला, तर पुली चुकीची आहे किंवा पंप कुठेतरी घासतो आहे.

पुली अनेकदा बदललेली असते, म्हणून हिशेब स्वतः करावा. १,४४० फेऱ्यांच्या मोटरवर २०० मिमीची पुली आणि पंपावर ३६० मिमीचे फ्लायव्हील असेल, तर पंप ८०० फेऱ्यांनी फिरेल. बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरवल्यास हवा थोडी वाढते, पण व्हॉल्व्हचे आयुष्य फार घटते. फ्लायव्हीलचे आरे पंख्याचेही काम करतात, त्यामुळे फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे, वारा सिलिंडरवर येईल अशीच हवी. उलट फिरत असेल तर कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करावी. पट्टे एकत्र, जोडीच्या संचातले घ्यावेत आणि जाळीचे कव्हर बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये.

टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणारा) आणि प्रेशर स्विच या चार वस्तू जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी नव्या घ्याव्यात. सेफ्टी व्हॉल्व्ह पट्टीवरच्या डिझाइन दाबाच्या वर कधीही उघडणारा नसावा आणि तो पंपाची सगळी हवा बाहेर टाकू शकेल एवढ्या क्षमतेचा असावा. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू नये. प्रेशर स्विच ८ किलोला सुरू आणि १० किलोला बंद असा लावावा. बंद होताना डिलिव्हरीच्या नळीतली हवा ‘फुस्स’ करून सुटते, ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध उठते आणि जळते.

पहिली सुरुवात

टाकीचा कॉक पूर्ण उघडा ठेवून पंप अर्धा तास बिनभाराचा चालवावा आणि हात न लावता, कानाने व तापमापकाने प्रत्येक बेअरिंगचा अंदाज घ्यावा. पुढे एक तास ३-४ किलोवर, एक तास ७ किलोवर आणि मगच पूर्ण दाबावर न्यावे. पहिले तेल ५० तासांनी बदलावे. त्यात रिंगांची बारीक धातूची भुकटी दिसते, ती नवीन जुळणीत अपेक्षित असते. त्यानंतर दर ५०० तासांनी तेल बदलणे पुरते.

दुरुस्ती किती चांगली झाली हे घड्याळ सांगते. रिकामी टाकी ० ते १० किलो भरायला लागणारा वेळ मोजावा. २५० लिटर टाकीत १० किलो दाब म्हणजे सुमारे २,४०० लिटर मोकळी हवा. मिनिटाला ५०० लिटर हवा देणारा पंप ती पाच मिनिटांच्या आसपास भरतो. सात-आठ मिनिटे लागत असतील तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडावेत. कोणता टप्पा कमजोर आहे ते इंटरकूलरवर तात्पुरता गेज लावला की कळते: टाकी १० किलोवर असताना मधला दाब साधारण २ ते ३ किलो असावा. तो नेहमीपेक्षा चढला तर एचपीचे व्हॉल्व्ह हवा परत सोडत आहेत, आणि पडला तर एलपीचे व्हॉल्व्ह गळतात किंवा फिल्टर तुंबला आहे. हा वेळ आणि हा दाब वहीत तारखेसह लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तीच मोजणी केली की झीज कुठवर आली ते न उघडता कळते.

पाणी

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत किती पाणी असते याची कल्पना फार थोड्यांना असते. ३० अंश तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. पंप तासाला ३० घनमीटर हवा ओढतो, आणि १० किलोला दाबून थंड झालेली हवा त्यातले थोडेच पाणी धरून ठेवू शकते. म्हणजे एका तासाच्या चालण्यात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी टाकीत आणि लाइनमध्ये पडते. टाकी आतून खाणारे हेच पाणी आहे. ड्रेन कॉक रोज संध्याकाळी, थोडा दाब शिल्लक असताना उघडावा. तो वाकून हात घालावा लागेल अशा जागी असेल तर पाइपने पुढे आणावा, कारण गैरसोयीच्या जागी असलेला कॉक महिनोनमहिने उघडला जात नाही.

लाइन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची करावी आणि तिला शंभराला एक असा उतार टाकीपासून दूर द्यावा. प्रत्येक फांदी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून वळवून खाली आणावी आणि टोकाला पाणी साचायला थोडा पाइप कॉकसह सोडावा. पीव्हीसी पाइप दाबाच्या हवेसाठी वापरू नये. तो वयाने ठिसूळ होतो आणि फुटताना काचेसारखे तुकडे फेकतो. फिल्टरचे तोंड रंगकामाच्या आणि ग्राइंडिंगच्या जागेपासून लांब, शक्यतो शेडबाहेर सावलीत ठेवावे. कॉम्प्रेसर सपाट फरशीवर रबरी पॅडवर ठेवावा, आणि एखादा पाय अधांतरी राहत असेल तर बोल्ट आवळून तो खाली ओढण्याऐवजी त्याखाली पत्र्याची पट्टी सरकवावी.

रंग सर्वांत शेवटी. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि त्यावर इनॅमलचे दोन हात पुरेसे आहेत. सिलिंडरच्या आणि इंटरकूलरच्या पंख्यांवर मात्र जाड रंग चढवू नये, कारण त्याने उष्णता अडते. टाकीचा खालचा भाग मी नेहमी फिकट रंगात ठेवतो, म्हणजे वेल्डिंगजवळ गंजाची पहिली तांबडी रेघ उमटली की टॉर्च मारल्याबरोबर दिसते. मूळ पट्टीशेजारी पाण्याच्या चाचणीची तारीख, चाचणीचा दाब आणि मोजलेली सर्वांत कमी जाडी पांढऱ्या अक्षरांत लिहावी, आणि तिच्याखाली पुढच्या चाचणीसाठी तेवढीच जागा मोकळी सोडावी.